शैलजा बाउअर, वय पंचावन्न, पॉलिमर इंजिनिअर

पहिल्याच दिवशी त्यांनी मला कचऱ्याच्या डब्यात हात घालायला लावला.

न्युरेम्बर्गच्या बाहेर प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना. ड्रेस्डेनला मास्टर्स करून मी तिथे गुणवत्ता विभागात इंजिनिअर म्हणून नुकताच लागलो होतो. प्रयोगशाळेत प्लास्टिकची पट्टी यंत्रात ताणून तोडायची चाचणी चालू होती. पट्टी तुटली, स्क्रीनवर आकडा आला, तो मी लिहून घेतला आणि दोन्ही तुकडे डब्यात टाकले. मागून आवाज आला, चक्क मराठीत.

"ते काय केलंस?"

वळून पाहिलं. पांढरा कोट, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात मंगळसूत्र, नाकावर घसरलेला चष्मा. माझ्या कोटावरचं आडनाव त्यांनी आधीच वाचलेलं होतं.

"चाचणी झाली. आकडा घेतलाय," मी म्हणालो.

"आकडा यंत्र देतंय. तुला ठेवलाय तो तुटलेलं बघायला. काढ बाहेर."

डब्यात कॉफीचे कप होते, फाटके हातमोजे होते, केळ्याची साल होती. शेजारच्या टेबलावरचे दोघे जर्मन सहकारी मान खाली घालून हसत होते. मी तुकडे काढले. त्यांनी ते पुसून भिंगाखाली धरले आणि मला डोकं खाली घालायला सांगितलं.

"हा पांढरट भाग ताणून ताणून तुटलाय. आणि ही कड बघ, चकचकीत, काचेसारखी मोडलीय. तडा इथनं सुरू झाला. आकड्यात दिसलं असतं काय हे?" मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "जा, हात धुऊन ये. मी शैलजा. चहा पितोस की ह्यांच्यागत कॉफी?"

शैलजाताई रागीट होत्या, हे त्या कारखान्यातला कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते एवढंच की तो राग बरोबर होता, आणि त्यातला बराचसा माझ्या वाट्याचा होता.

त्या मूळच्या इचलकरंजीच्या. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्या आणि तिथल्या एका सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत लागल्या. गिरणीत नवी यंत्रं बसवायला जर्मनीहून एक फिटर आला, डीटर बाउअर. आठ महिन्यांसाठी आलेला माणूस जाताना लग्न ठरवूनच गेला. इकडे आल्यावर शैलजाताईंना कळलं की त्यांची तीन वर्षांची पदवी इथे कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिशीत, सोळा वर्षांच्या मुलांबरोबर वर्गात बसून त्यांनी लॅब असिस्टंटचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मी त्यांना भेटलो तेव्हा त्या कारखान्यात त्यांना वीस वर्षं होत आली होती, आणि हुद्दा तोच होता.

"मी आलो", "मी बघतो", "मी सांगतो तुला", असं त्या बोलत. कोल्हापूरकडच्या बायकांची ही तऱ्हा मला ऐकून माहीत होती, पण मी नाशिकचा. पहिल्यांदा मला हसू आलं.

"हसतोस कशाला?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं बोलताना तरी बायकांना वेगळी रांग नसते."

नवऱ्याला मात्र त्या आईच्या वळणावर "अहो" म्हणत. त्यांच्या इमारतीतल्या एका म्हाताऱ्या बाईंची पक्की समजूत होती की डीटरकाकांचं नावच ते आहे. जिन्यात भेटल्या की त्या "गुटन मॉर्गन, हेर आहो" म्हणायच्या, म्हणजे श्रीयुत अहो. काका टोपी उचलून नमस्कार करायचे आणि बाईंची चूक कधीच दुरुस्त करायचे नाहीत.

आमचं काम चालायचं असं: चाचण्या शैलजाताई करायच्या, तुटलेले तुकडे त्या बघायच्या, अहवालही त्याच लिहायच्या. पण इंजिनिअरची सही नसेल तर अहवाल प्रयोगशाळेच्या बाहेर जात नसे. ती सही माझी. सत्तावीस वर्षांच्या पोराची. त्या कागद माझ्यासमोर ठेवायच्या आणि मी पेन उचललं की म्हणायच्या, "वाच आधी." मी भरभर नजर फिरवली की, "वाचलास? मग दुसऱ्या पानावर चूक काय हाय सांग." चूक त्यांनी मुद्दाम घातलेली असायची. ती सापडेपर्यंत सही करू द्यायच्या नाहीत.

मग चाचणी विभागात इंजिनिअरची एक जागा निघाली. शैलजाताईंनी अर्ज केला. त्या वेळी त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. आमचे विभागप्रमुख हेर फॉगेल वाईट वागणारे नव्हते. वाढदिवसाला स्वतः केक कापून टेबलाटेबलावर नेऊन देणारा माणूस. त्यांनी शैलजाताईंना बोलावलं, बसवलं आणि सांगितलं की दोष हुंगून काढणारं तुमच्याइतकं तीक्ष्ण नाक ह्या कारखान्यात कुणाला नाही, पण विषयातली पदवी नाही, तर माझा इलाज नाही. पापीर इस्ट पापीर. कागद म्हणजे कागद.

शैलजाताई "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, एवढंच म्हणाल्या आणि बाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी अकरा पट्ट्या तोडल्या.

त्या जागेवर जो मुलगा आला, त्याला काम कुणी शिकवलं हे सांगायला नकोच.

दोन आठवड्यांनी त्यांनी माझ्यापुढे एक छापील कागद टाकला. एका परदेशी विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम, पॉलिमर इंजिनिअरिंगमधली मास्टर्स, नोकरी सांभाळून चार वर्षांत. त्यांची बी.एस्सी. तिथेही अपुरी ठरली होती. आधी गणिताचे आणि यंत्रशास्त्राचे चार विषय पार करा, मग प्रवेश.

"करणार?" मी विचारलं.

"कागद पाहिजे ना त्यांना? देतो."

सकाळच्या एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, त्या कानात इअरफोन घालून व्याख्यानं ऐकायच्या. समोर टॅब्लेट, मांडीवर वही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा आणि त्याच्या शेजारी गणित. अवकल समीकरणं त्यांनी तीस वर्षांत पाहिलेली नव्हती. एकदा वितळलेल्या प्लास्टिकच्या प्रवाहाचं एक समीकरण घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी ते ड्रेस्डेनला शिकलो होतो, त्यात चांगले गुणही होते. मी वहीकडे बघत राहिलो.

"हे तू शिकलायस ना?"

"शिकलो होतो."

"मग गेलं कुठं?"

त्यांनी वही उचलली आणि तीन दिवसांनी येऊन ते समीकरण मलाच समजावून दिलं. तेव्हाही चिडूनच. गणितावर, माझ्यावर, पाठ्यपुस्तकावर. पुस्तक लिहिणाऱ्याने मधल्या चार पायऱ्या गाळल्या होत्या आणि त्याला त्या "आळशी" म्हणत होत्या.

दुसऱ्या वर्षी परीक्षेत जे घडलं ते आठवलं की आजही माझे कान तापतात. परीक्षा घरूनच द्यायची, कॅमेरा सुरू ठेवून. पलीकडे कुठल्या तरी देशात बसलेला पर्यवेक्षक आपल्याकडे बघत असतो. रविवारची दुपार होती. डीटरकाकांना त्यांनी दोन तासांसाठी बाहेर फिरायला पाठवलं होतं. पर्यवेक्षकाने आधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायला लावली, टेबलाखाली, पडद्यामागे. मग गळ्यातलं काढा म्हणाला, त्यात काही दडवलेलं असू शकतं. शैलजाताईंनी काढलं नाही. कॅमेऱ्यापुढे धरून एकेक मणी दाखवला. त्याने ते मान्य केलं.

परीक्षा सुरू झाली आणि पन्नास मिनिटांनी संगणकाचा पडदा काळा झाला. कारण लिहून आलं: परीक्षार्थी अज्ञात भाषेत कुणाशी तरी बोलत आहे.

त्या पाढे म्हणत होत्या. सात सक बेचाळीस. गणित करताना ओठ हलायचे त्यांचे, शाळेपासून.

सोमवारी त्यांनी मला हे सांगितलं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नाही. त्या दिवशीही नाही. "कॉपी केली म्हणतात, निनाद. मी. अज्ञात भाषा म्हणे. ह्यांना ठाऊक नाही म्हणून ती अज्ञात?"

त्यांनी चार पानांचं पत्र लिहिलं. विद्यापीठाने ध्वनिमुद्रण ऐकायला मराठी येणारा माणूस शोधला, त्याला सहा आठवडे लागले. शेवटी उत्तर आलं की गैरप्रकार आढळला नाही, परीक्षा पुन्हा देता येईल, मात्र शांतता राखावी. माफीचा एक शब्द नव्हता. पुन्हा परीक्षेला बसताना शैलजाताईंनी दाढेखाली लवंग धरली, ओठ हलू नयेत म्हणून. उत्तीर्ण झाल्या. वर्गातल्या पहिल्या तिघांत होत्या. पण पाढे मनात म्हणायची सवय त्यांना लागली ती कायमची, आणि त्याबद्दल मी त्या विद्यापीठाला कधी क्षमा केलेली नाही.

शेवटचं वर्ष प्रबंधाचं. विषय कारखान्यातला घेता येत होता. हॉस्पिटलच्या पलंगांना बाजूचा कठडा असतो, रुग्ण खाली पडू नये म्हणून. तो कठडा वर अडकवून ठेवणारा प्लास्टिकचा खटका आम्ही बनवत होतो. त्यातले काही वापरात मोडून परत येत होते. का मोडतात, हा शैलजाताईंचा विषय. हेर फॉगेल यांनी आनंदाने परवानगी दिली. तिथलं जंतुनाशक प्लास्टिकला सोसत नसेल, असं त्यांना वाटत होतं.

शैलजाताईंनी मोडलेले खटके भिंगाखाली घातले आणि आठवड्याभरात जंतुनाशकाचा प्रश्न निकालात काढला. दोष आमच्याकडेच होता. ह्या प्लास्टिकचा दाणा हवेतलं पाणी ओढून घेतो. साच्यात घालण्याआधी तो चार तास गरम हवेत सुकवावा लागतो. न सुकवता वितळवला तर आतलं पाणी प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडत जातं.

"धाग्यागत समजा," त्या डीटरकाकांना सांगत होत्या, मी त्या दिवशी त्यांच्या घरी जेवायला होतो. "आतला धागा जागोजागी तुटका असला तरी कापड दिसायला कापडच दिसतंय. ओढलं की फाटतंय."

काकांनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यभर धागेच पाहिले होते.

मग दाणा का सुकत नव्हता ते शोधायला त्यांनी उत्पादनाच्या फायली काढल्या. आणि एका सकाळी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. मागणी वाढली म्हणून सुकवण्याचा वेळ चार तासांवरून दीड तासावर आणायची परवानगी. लिहिलं होतं, एका आठवड्यापुरता अपवाद. तो आठवडा चौदा महिने चालू होता.

"ही सही तुझी?"

"हो."

"वाचून केलीस?"

मला तो दिवस आठवत होता. हेर फॉगेल दारात उभे राहिले होते, ट्रक खाली थांबलाय म्हणाले होते, आणि मी पेन उचललं होतं. शैलजाताईंनी कागद परत घेतला, नीट फायलीत लावला आणि निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बैठक हेर फॉगेल यांच्या खोलीत झाली. ते, शैलजाताई, उत्पादनप्रमुख आणि मी. हेर फॉगेल यांनी प्रबंधाचा मसुदा समोर ठेवला होता.

"काम उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त निष्कर्ष बदलावा लागेल. जंतुनाशकाचा परिणाम, असं लिहा. हे बघा, मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाही. तोही एक घटक आहेच."

"नाही," शैलजाताई म्हणाल्या. "मी तपासलं आहे. तो घटक नाही."

"मग आमची आकडेवारी वापरता येणार नाही. परवानगी मला मागे घ्यावी लागेल."

म्हणजे चार वर्षं पाण्यात. हे त्या खोलीतल्या चौघांनाही समजत होतं. मग हेर फॉगेल माझ्याकडे वळले, अगदी सौम्यपणे. "तुम्ही इंजिनिअर आहात. दाणा पुरेसा सुकवला जात होता का?"

माझा व्हिसा तेव्हा त्या नोकरीवर टिकून होता. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. आज लिहिताना त्यात काही दम दिसत नाही.

"कागदोपत्री, हो," मी म्हणालो.

शैलजाताईंनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या यंत्राचा आकडा चुकीचा येतोय हे लक्षात आल्यावर त्या त्याच्याकडे पाहायच्या, तसं. मग त्यांनी मसुदा उचलला. "हॉस्पिटलात माणसं पडतील," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, हळू, एकेक शब्द सुटा करून. "म्हातारी माणसं. कंबर मोडलेली, आधीच भ्यालेली. रात्री उठताना कठड्याला हात घालतील. त्यांना तुमचा कागद दाखवणार आहात का?"

त्याच दुपारी त्यांनी सगळे निष्कर्ष लिहून कारखान्याच्या संचालकांना नोंदणीकृत पत्राने पाठवले, आणि एक प्रत कामगारांच्या प्रतिनिधी मंडळाला, बेट्रीब्सराटला, हातात नेऊन दिली. मग प्रबंध पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. कारखान्याचा एकही आकडा न वापरता. एका व्यवसायशाळेत त्यांच्या ओळखीच्या शिक्षकाने शनिवारी जुनं मोल्डिंग यंत्र वापरायची मुभा दिली. त्याच जातीचा दाणा त्यांनी स्वतः मागवला. डीटरकाका गाडीतून पोती नेत, यंत्र तापवत, साचा पुसून देत. चार तास सुकवलेला, दोन तास, एक तास, अजिबात न सुकवलेला. प्रत्येकाच्या शेकड्याने पट्ट्या. एकेक तोडायची, एकेक बघायची. विद्यापीठाने दोन सत्रांची मुदत वाढवून दिली. सात महिन्यांत त्यांनी एकही शनिवार सोडला नाही.

मी एकदा गेलो होतो तिथे. मदत करू का म्हणून. काकांनी दार उघडलं, मागे वळून पाहिलं आणि अवघडून म्हणाले, "ती नको म्हणते."

कारखान्यात काय झालं? सुकवण्याचा पूर्वीचा चार तासांचा वेळ एका सोमवारी गुपचूप परत आला. आधी गेलेले खटके "नियमित सुधारणा" म्हणून बदलून दिले गेले. पत्राचा उल्लेख कुठे नाही, शैलजाताईंच्या नावाचा तर नाहीच. हेर फॉगेल दुसऱ्या शाखेत मोठ्या पदावर गेले. जाताना त्यांनी सगळ्यांना केक दिला. आणि शैलजाताईंसमोर आउफहेबुंग्सफरट्राग ठेवण्यात आला, म्हणजे आपण दोघं राजीखुशीने वेगळे होतोय, असा कागद. विश्वासाचं नातं उरलेलं नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. चोवीस वर्षांनंतर.

त्या वेळी मी बेट्रीब्सराटकडे जाऊन खरं काय ते लिहून दिलं. माझी सही, ट्रक, दीड तास, सगळं. तिथल्या बाईंनी ते वाचलं आणि मला म्हणाल्या, "हे सात महिन्यांपूर्वी हवं होतं." त्यांनी कागद फायलीला लावला. शैलजाताईंनी आदल्याच दिवशी सही करून टाकली होती. त्यांना तिथे राहायचंच नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी भिंग पुसून पेटीत ठेवलं, कोट घडी करून टेबलावर ठेवला आणि निघाल्या. प्रयोगशाळेतले सगळे उभे राहिले. त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला. माझ्याशीही; जसा इतरांशी, तसाच. दोन महिन्यांनी विद्यापीठाच्या पानावर उत्तीर्णांची यादी आली. त्यात त्यांचं नाव होतं, विशेष प्रावीण्यासह. मी संदेश पाठवला: शैलजाताई, मनापासून अभिनंदन. त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं त्याला आता वर्ष होईल. न्युरेम्बर्गच्या स्टेशनवर, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. एस-बान उशिरा होती आणि फलाटावर गर्दी. त्या खांबाशी उभ्या होत्या, खांद्याला जाड पिशवी, केस आता पूर्ण पांढरे. मला टाळता आलं असतं. मी गेलो.

"शैलजाताई."

"निनाद होय." चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. "बरा आहेस?"

"बरा आहे. तुम्ही? काका?"

"गुडघा दुखतो त्यांचा. बाकी ठीक." एका लहानशा चाचणी संस्थेत लागल्या होत्या; चौघांची जागा, त्यात इंजिनिअर म्हणून. त्या हे सांगत होत्या ते कुणी कामाचं ठिकाण विचारलं तर सांगावं तसं. "तू तिथंच?"

"हो."

गाडीची घोषणा झाली. मला वाटलं आत्ता विचारलं नाही तर कधीच नाही.

"तुमचा राग आहे ना माझ्यावर अजून?"

खरं सांगायचं तर "नाही रे, सोड आता ते" हे उत्तर मी आधीच कानात तयार ठेवलं होतं. आपल्याकडची वडीलधारी माणसं असंच म्हणतात. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "फॉगेलवर नाही एवढा. तो तसाच होता. तुला मी शिकवलं होतं."

गाडी आली. दारं उघडली, माणसं उतरली, त्या आत गेल्या. खिडकीशी जागा मिळाली त्यांना. पिशवीतून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला, मांडीवर सरळ केला आणि वाचायला लागल्या. गाडी हलली तरी मी तिथेच उभा होतो. त्यांनी पान उलटलं. वर पाहिलं नाही.